अडुळशाचा अर्क: ‘आहे’ आणि ‘किती आहे’

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी द्रव्य) असतं आणि कफ पातळ करणाऱ्या आजच्या काही औषधांचं मूळ तिथवर जाऊन भिडतं. तेवढ्यावरून शहाद्यापासून रावेरपर्यंतची पत्रं आली. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून कोणाचंच छापत नाही. माझं आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, मी वैद्य नाही. तेव्हा ‘किती चमचे घेऊ’ या प्रश्नांना इथे उत्तर मिळणार नाही, त्यासाठी आपल्या डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जावं.

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी अडुळशाच्या वाळलेल्या पानांचे चार अर्क काढले: पेट्रोलियम ईथर, क्लोरोफॉर्म, इथेनॉल आणि पाणी. अल्कलॉइडची चाचणी इथेनॉल आणि पाण्याच्या अर्कात ‘प्लस’ आली, क्लोरोफॉर्ममध्ये ‘मायनस’. पुस्तकात तर अल्कलॉइड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं असं दिलंय. सर म्हणतात, आलंय तसा तक्ता लिही. जीसी-एमएस या घटक ओळखणाऱ्या यंत्राच्या यादीतही व्हॅसिसिन नाही. यादी सोबत पाठवतेय. माझं झाडच चुकलं का? (जीसी-एमएससाठी पेट्रोलियम ईथरचा अर्क पाठवला होता.)
— एक विद्यार्थिनी, शहादा

झाडाचं शेवटी पाहू. आधी तक्ता. आलंय तसं लिहावं हे सरांचं म्हणणं बरोबरच आहे, पण तेवढ्यावर सोडलंस तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल, आणि यायलाच हवा.

पुस्तकातलं वाक्य मोकळ्या अल्कलॉइडबद्दल आहे. पानात ते मोकळं नसतं. पानातल्या सेंद्रिय आम्लांशी त्याची गाठ पडलेली असते, म्हणजे ते क्षाराच्या रूपात असतं. क्षार पाण्यात जातो, अल्कोहोलमध्ये जातो, क्लोरोफॉर्मला मात्र तो दाद देत नाही. तू कोरडी पूड थेट क्लोरोफॉर्ममध्ये भिजवलीस, त्यामुळे ‘मायनस’ आला. पुन्हा करून बघ. थोड्या पुडीवर अमोनियाचं पाणी शिंपड, पूड ओलसर होईल इतकंच, आणि झाकून ठेव. मग क्लोरोफॉर्म घाल. आम्ल अमोनियाकडे जातं, अल्कलॉइड सुटतं आणि क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. पुढे हाच क्लोरोफॉर्म विरल हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर विभाजक नरसाळ्यात हलवलास की अल्कलॉइड परत क्षार होऊन पाण्याच्या थरात येतं. त्याला अशी ये-जा करायला लावली की मेण, तेल, हरितद्रव्य मागे राहतं. तक्त्यात दोन्ही ओळी दे: अमोनियाशिवाय आणि अमोनियासह. तुझ्या प्रबंधातलं सगळ्यांत वाचनीय पान तेच होईल.

आता ‘प्लस’बद्दल. आपल्याकडच्या प्रबंधांत एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस असे तक्ते असतात. हे तीन प्लस कोणाच्या डोळ्यांनी मोजलेले असतात ते कुठेच लिहिलेलं नसतं. अल्कलॉइड ओळखण्याची ड्रॅगेनडॉर्फची चाचणी हिरव्यागार अर्कावर तशीच करणारे विद्यार्थी मी पाहिलेत. काळपट हिरव्यात नारिंगी काय दिसणार? अर्क चिनी मातीच्या बशीत पाण्याच्या वाफेवर आटव. तळाशी चिकट थर उरतो, त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून काचकांडीने घोट, गाळणकागदातून गाळ. हिरवा चिकटा कागदावर बसतो आणि खाली फिकट पिवळं पाणी उतरतं. ते परीक्षानळीत घेऊन ड्रॅगेनडॉर्फचा थेंब नळीच्या कडेकडेने सोड. अल्कलॉइड असेल तर थेंब पोचतो तिथेच नारिंगी गढूळपणा उठतो, खाली पसरतो आणि थोड्या वेळात विटकरी गाळ तळाशी बसायला लागतो. बसणारा गाळ दिसला तरच प्लस लिही. नुसता रंग बदलला म्हणून लिहू नकोस, कारण काही कुमारिनं आणि प्रथिनंसुद्धा या अभिकर्मकाला फसवतात. शेजारी दोन नळ्या हव्यातच: एकीत नुसतं आम्ल, दुसरीत क्विनीन सल्फेट, म्हणजे खात्रीचं अल्कलॉइड. चहाची पूड ‘पक्कं अल्कलॉइड’ म्हणून मेयरच्या (अल्कलॉइडच्याच दुसऱ्या) चाचणीला लावू नकोस, कॅफिन मेयरला गाळ देत नाही. आणि तुमच्या प्रयोगशाळेतल्या अभिकर्मकाच्या बाटलीवर तो केल्याची तारीख आहे का, तेही बघ.

आता यादी. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच कंसात लिहून पाठवलंयस. पेट्रोलियम ईथर तेल आणि मेण ओढतं. व्हॅसिसिन त्यात येणार तरी कसं? यादीत पहिल्या काही ओळींत हेक्साडेकॅनॉइक आम्ल आहे, फायटॉल आहे, स्क्वालीन आहे. हेक्साडेकॅनॉइक आम्ल म्हणजे पामतेलातलं पामिटिक आम्ल. तुळशीचं पान दे, केळीचं दे, बांधावरच्या गाजरगवताचं दे, ते येणारच. फायटॉल हरितद्रव्याची शेपटी आहे, हिरवं पान आलं की तेही आलंच. ‘अडुळशात आढळलेली औषधी संयुगं’ या शीर्षकाखाली ही नावं लिहिलीस तर त्यातून अडुळशाबद्दल काहीच कळत नाही, ते पान होतं एवढंच कळतं.

एका ओळीखाली मी लाल रेघ मारली आहे: बिस-२-इथाइलहेक्झिल थॅलेट. त्यापुढे तू ‘जिवाणूरोधक’ असं लिहिलंयस, बहुधा कुठल्यातरी लेखातून घेतलं असशील. हे प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी घालतात ते रसायन आहे. अर्क प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवला होतास? रबरी किंवा प्लॅस्टिकची नळी वापरलीस? पिपेटच्या टिपांच्या डब्यातून, विद्रावकाच्या डब्याच्या झाकणातून, कुठूनही ते उतरतं. पान न घालता तेवढंच पेट्रोलियम ईथर त्याच भांड्यांतून, त्याच पद्धतीने आटवून तपासायला दे. तिथेही आलेखात तेच शिखर दिसलं तर ती ओळ खोडायची. झाडांच्या नावावर प्लॅस्टिक खपवणारे शोधनिबंध छापूनसुद्धा येतात, त्यांत भर घालू नकोस.

आणखी एक. त्या यंत्राने दिलेली नावं म्हणजे संगणकातल्या संग्रहाशी जुळवून केलेला अंदाज असतो. शेजारी जुळण्याचा आकडा असतो, तो प्रबंधात लिहायचा, लपवायचा नाही. शिवाय यंत्रात जे वाफ होऊ शकतं तेच दिसतं. टॅनिन, सॅपोनिन, साखरेशी जोडलेली फ्लॅव्होनॉइडं त्या यादीत कधीच येणार नाहीत, आणि यादीत नाहीत म्हणून ती पानात नाहीत असंही नाही. व्हॅसिसिनसाठी तुमच्या विभागात टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करण्याची पद्धत) होत असेल तर तेवढं पुरे. आम्लाच्या वाटेने स्वच्छ केलेला अर्क सिलिकाच्या पट्टीवर लाव आणि शेजारी शुद्ध व्हॅसिसिनचा ठिपका दे. शुद्ध नमुना विकत मिळतो, महाग असतो, दोन-तीन जणींनी मिळून घ्यावा. इथाइल अॅसिटेट आणि मिथेनॉलच्या मिश्रणात थोडा अमोनिया घालायला विसरू नकोस. सिलिका जरा आम्लधर्मी असते, अमोनिया नसेल तर अल्कलॉइडचा ठिपका ठिपका राहत नाही, त्याला शेपटी फुटते. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ठिपके पेन्सिलीने आख, मग ड्रॅगेनडॉर्फ फवार. तुझा ठिपका आणि शुद्ध नमुन्याचा ठिपका एका उंचीवर, एका रंगात आले की बोल. त्स्वेट या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रोमॅटोग्राफीची वाट शोधली ती पानातले रंग वेगळे करतानाच, खडूच्या पुडीने भरलेल्या काचनळीत. तू त्याच वाटेवर आहेस.

राहिलं झाड. अडुळशाची पानं साधी, समोरासमोर, दोन्ही टोकांना निमुळती. फूल पांढरं, दोन ओठांचं, खालच्या ओठावर जांभळट रेघा, पुंकेसर दोनच. फुलासकट फांदी दाबून वाळव, वनस्पतिशास्त्र विभागातून ओळख करून घे आणि नमुना तिथल्या संग्रहात क्रमांक टाकून ठेव. तो क्रमांक प्रबंधात असला पाहिजे. पानं यावल अभयारण्यातून तोडून आणली असतील तर तसं लिहिण्याआधी वनखात्याची परवानगी होती का, हेही तपास. अडुळसा लोकांच्या कुंपणात भरपूर आहे, त्यासाठी जंगलात जायची गरजच काय?

प्रश्न: माझ्या केळीच्या बागेच्या कडेने अडुळसा लावलाय. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून लावला होता. आता एक व्यापारी वाळलेला पाला घेतो म्हणतो, पण त्याला ‘एक टक्का व्हॅसिसिन’ हवंय. मी खासगी प्रयोगशाळेत तपासणी केली. अहवालात ‘अर्कात व्हॅसिसिन ३ टक्के’ आलंय. तरी व्यापारी म्हणतो माल कमी प्रतीचा. मला फसवतोय का?
— एक शेतकरी, रावेर तालुका

भाऊ, अहवाल आणि व्यापारी दोघंही खरं बोलत असू शकतात. तुमच्या अहवालातले ३ टक्के अर्काचे आहेत आणि व्यापारी बोलतोय वाळलेल्या पानाबद्दल. मधला दुवा अहवालात नाही.

हिशेब करून दाखवते. आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा शंभर किलो हिरवा पाला तोडला. त्यात बहुतेक पाणीच असतं, वाळून वीस किलो राहिला असं धरू. त्या वीस किलोतून विद्रावक उडवून झाल्यावर चार किलो घट्ट अर्क निघाला. त्या अर्कात ३ टक्के, म्हणजे १२० ग्रॅम व्हॅसिसिन. आता १२० ग्रॅमला वीस किलो वाळक्या पाल्याने भागा: ०.६ टक्का. हिरव्या पाल्यावर धरलं तर ०.१२ टक्का. वस्तू तीच, आकडे तीन. प्रयोगशाळेला फोन करून एवढंच विचारा: किती पानातून किती अर्क निघाला? हे सांगता येत नसेल तर त्या अहवालावर भाव ठरवू नका. दुसरं विचारा: एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) शुद्ध व्हॅसिसिन लावून मोजलं की ‘एकूण अल्कलॉइड’ काढलं? एकूण अल्कलॉइडमध्ये व्हॅसिसिनोन आणि बाकीची भावंडंही येतात, आकडा फुगतो. तिसरं, नमुना त्यांनी वाळवला की तुम्ही वाळवून दिला होता, आणि त्यात ओल किती होती? ओल जास्त तर टक्का कमी, साधी गोष्ट आहे.

आता वाळवण्याबद्दल, कारण पैसा तिथेच गळतो. व्हॅसिसिनला हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचं हळूहळू व्हॅसिसिनोन होतं. ऊन आणि उष्णता त्याला घाई करतात. आपल्या रावेर-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, टाकलेला पाला दुपारपर्यंत कुरकुरीत होतो खरा, पण रंग जातो, माल जातो. ओसरीत किंवा गोठ्याच्या मोकळ्या माळ्यावर, खाली हवा खेळेल अशा जाळीवर, पातळ थरात पसरा. नीट वाळलेला पाला हिरवट राहतो आणि त्याला थोडा चहाच्या पत्तीचा वास येतो. ताज्या पानाचा उग्रपणा निघून जातो. पावसाळी हवेत गोणी भरून ठेवली तर बुरशी धरते, मग टक्का कितीही असो, माल परत येतो. कोवळं पान, जून पान, पावसाळ्यातलं, उन्हाळ्यातलं, यांत फरक पडतोच. त्यामुळे एका तोडणीचा अहवाल वर्षभर दाखवता येणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते. तुमच्या शेजारच्या शेतात कपाशी आहे का? असेल तर फवारणीचं औषध वाऱ्याने पहिलं येऊन बसतं ते कुंपणावर. अडुळशाला तुम्ही थेंबही मारला नसेल, तरी पानावर कीटकनाशकाचे अवशेष सापडू शकतात. हायवेच्या कडेच्या कुंपणाचीही तीच गत, धूळ आणि धूर. आयुर्वेदिक कच्च्या मालाला आपल्याकडे जड धातूंच्या मर्यादा आहेत: शिसं १० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. मोठा खरेदीदार या तपासण्या मागतोच. पिकाच्या कडेचा पाला वेगळा आणि आतल्या बाजूचा वेगळा तोडा, गोणीवर तसं लिहा. भाव मिळो न मिळो, उद्या वांधा निघाला तर अख्खा माल तरी अडकणार नाही.

प्रश्न: आमना गावमा पोऱ्हेसले खोकला व्हयना का अडुळसाना पाला उकाळीसन देतस. माझी सासू मात्र पानं केळीच्या पानात गुंडाळून भाजायची आणि रस पिळायची. दोन्हींत फरक काय? की भाजल्याने सगळं जळून जातं?
— एक गृहिणी, धुळे जिल्हा

ताई, तुमच्या सासूबाईंना प्रयोगशाळेत नोकरी द्यायला हवी होती. अडुळशाचं पान हातात घेऊन नुसतं कुटून बघा. चोथा होतो, रस निघत नाही. म्हणून जुन्या वैद्यकात त्याचा रस पुटपाकाने काढायला सांगितलाय: कुटलेली पानं दुसऱ्या पानात गुंडाळायची, वरून माती किंवा कणकेचा थर द्यायचा, निखाऱ्यात ठेवायचं, थर लालसर झाला की बाहेर काढून गरम असतानाच फडक्यातून पिळायचं. आत घडतं ते असं: पानातलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, ते वाफ होऊन आतल्या आतच पेशींच्या भिंती मऊ करतं, फोडतं. पाणी शंभर अंशांना उकळतं, आणि गोळ्यात ओल आहे तोवर आतलं तापमान त्याच्या फारसं वर चढत नाही. जळतो तो बाहेरचा थर. आतून काळं निघालं तर मात्र जास्त वेळ ठेवलंत.

उकळलेल्या काढ्यातही व्हॅसिसिन येतं. वर शहाद्याच्या मुलीला सांगितलं तेच कारण: पानात ते क्षाराच्या रूपात आहे, पाण्याला ते पकडता येतं. महागड्या विद्रावकाची घरी गरज नाही. फरक कशात पडतो म्हणाल तर पुटपाकाचा रस थोडा आणि दाट, काढा भरपूर आणि पातळ. मूठभर पानं कुणी तांब्याभर पाण्यात टाकतं, कुणी हंडाभर, कुणी निम्मं आटवतं, कुणी उकळी फुटली की उतरवतं. त्यामुळे आज दिलेल्या वाटीत आणि उद्याच्या वाटीत एकसारखा अंश असेल याची खात्री मला देता येत नाही, कोणालाच देता येणार नाही. मोठ्या माणसाला त्याने एरवी फारसं बिघडत नसेल, लहान पोरासाठी बिघडू शकतं.

आणि दोन गोष्टी पोरांसाठी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घालून काही देऊ नका, अडुळसा असो की नुसतं बोट चाटवणं असो. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात, मोठ्यांना ते काही करत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. दुसरं, खोकला दोन आठवडे हटला नाही तर काढा बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात दाखवायचं, मोठ्यांची थुंकी तपासून घ्यायची. तिथे क्षयाची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. अडुळशाच्या भरवशावर महिने घालवलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात सापडतील.

प्रश्न: बाजारातून ‘वासा चूर्ण’ (अडुळशाच्या पानांची पूड) आणलं. एका दुकानातलं हिरवट, दुसऱ्यातलं तपकिरी. खरं कुठलं? घरी ओळखता येईल का?
— जळगाव, चोपडा, अमळनेर येथील काही वाचक

रंगावरून खरं-खोटं ठरत नाही. तपकिरी चूर्ण खऱ्या अडुळशाचंच असेल, फक्त उन्हात वाळवलेलं किंवा जुनं असेल. हिरवं असूनही दुसऱ्याच पानाचं असू शकतं. अडुळशात महारुखाची पानं मिसळतात, ही जुनी भेसळ आहे. महारुखाचं पान झाडावर ओळखायला काहीच अवघड नाही, ते लांबलचक संयुक्त पान असतं, दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या रांगा. पण पूड झाली की दोघं सारखेच.

घरी ओळखता येणार नाही, शाळा-कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र येईल. तुमच्या घरात अकरावी-बारावीचं मूल असेल तर त्याच्या शिक्षकांना गळ घाला. चिमूटभर चूर्ण क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात गरम करून पारदर्शक करायचं, काचपट्टीवर घ्यायचं. अडुळशाच्या पानाच्या तुकड्यांत लांबट, चिरुटासारखे खडे दिसतात. त्यांना सिस्टोलिथ म्हणतात, ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. काचेच्या कडेला विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टेकवा आणि भिंगातून नजर हलवू नका. आम्ल आत सरकतं, खड्यापाशी पोचतं आणि खड्यातून बुडबुडे सुटायला लागतात. खडा बघता बघता विरघळतो, मागे त्याचा फिकट सांगाडा राहतो. जोडीला पर्णरंध्रं बघा: अडुळशात प्रत्येक रंध्राला दोन साहाय्यक पेशी असतात आणि त्या रंध्राच्या आडव्या बसतात. खडे आणि ही रंध्रं दोन्ही दिसली तर चूर्णात अडुळसा असण्याची शक्यता मोठी. त्यात आणखी काय आहे हे त्यावरून कळणार नाही, त्यासाठी पूर्ण काचपट्टी चाळून न जुळणारे तुकडे शोधावे लागतात. मुलांना हा प्रयोग दिला की ती तासभर भिंग सोडत नाहीत, हा माझा अनुभव.

प्रश्न: कफ पातळ करायला डॉक्टर लिहून देतात त्या ब्रोमहेक्सिनमध्ये अडुळसाच असतो का? मग पानच का खाऊ नये?
— एक निवृत्त शिक्षक, पारोळा

गुरुजी, त्यात अडुळसा नसतो. डेव्हिड हूपर हे मद्रास सरकारचे क्विनीनचे रसायनतज्ज्ञ, उटकमंडला (आजच्या उटीला) सिंकोनाच्या सालीची तपासणी हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी १८८८ मध्ये अडुळशाच्या पानातून व्हॅसिसिन वेगळं केलं. पुढे विसाव्या शतकात व्हॅसिसिनच्या रचनेवरून धागा घेऊन जर्मनीत ब्रोमहेक्सिन बनवलं गेलं, १९६३ मध्ये ते बाजारात आलं. ते कारखान्यात तयार होतं, त्यात पानाचा अंशही नसतो आणि रेणूही व्हॅसिसिनचा नाही. अँब्रोक्सॉल हे नावही तुम्ही बाटल्यांवर वाचलं असेल. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं, ते हे. गोळीत किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं, पानावर कुणी छापत नाही. माझ्या मते फरक तेवढाच आणि तो पुरेसा मोठा आहे.

प्रश्न: सुनेला पाचवा महिना आहे, खोकला जात नाही. अडुळसा ‘नैसर्गिक’ आहे म्हणून देत होते, पण शेजारीण नको म्हणते.
— नंदुरबार

शेजारणीचं ऐका. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं. यावर आपल्याच देशात जम्मूच्या प्रयोगशाळेत काम झालेलं आहे. गरोदरपणात अडुळशाचा काढा, रस, चूर्ण, अवलेह किंवा दुकानातलं अडुळशाचं सिरप यांतलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. आतापर्यंत दिलं असेल तर घाबरू नका, पण आज बंद करा आणि तिच्या डॉक्टरांना न लपवता सांगा, पोटात कळ किंवा रक्तस्राव वाटला तर लगेच. पोटात गेल्यावर ते पानातून आलं की गोळीतून, हे गर्भाशय विचारत नाही.

प्रश्न: मुलगा फार्मसीला आहे. त्याने कॉलेजातून अडुळशाचा मिथेनॉलमधला अर्क पाण्याच्या बाटलीत घरी आणलाय. म्हणतो, हा काढ्यापेक्षा जास्त ‘स्ट्राँग’. खोकल्याला थोडा घ्यायला हरकत आहे का?
— यावल

थेंबभरही नाही. मिथेनॉलने माणूस आंधळा होतो, मरतो, आणि त्याला फार मिथेनॉल लागत नाही. ‘विद्रावक उडवून टाकलाय’ असं मुलगा म्हणेल. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं हे खरं, पण चिकट अर्कात ते अडकून राहतं. औषधात ते राहिलं तर कमाल मर्यादा ३००० पीपीएम आहे आणि ते मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, वास घेऊन कळत नाही. अर्क जास्त दाट असतो हे त्याचं म्हणणं बरोबर असलं तरी तो दाटपणा चाचणीसाठी असतो, पिण्यासाठी नाही.

मला जास्त काळजी बाटलीची वाटते. पाण्याच्या बाटलीत भरलेलं हिरवट काहीतरी, घरात लहान मूल, पाहुणा, तहानलेला गडी कोणीही तोंडाला लावेल. मोरीत ओतू नका, चुलीपाशी किंवा गॅसपाशी ठेवू नका, ते पेटतं. आत्ताच कागदावर ‘विष, मिथेनॉल’ लिहून बाटलीवर चिकटवा, कडीकुलुपात ठेवा आणि उद्या सकाळी मुलाबरोबर कॉलेजात परत पाठवा. तिथे वापरलेल्या विद्रावकांचा वेगळा डबा असतो, त्यात तो ओतेल. आणि चुकून कोणी प्यायलंच असेल तर बरं वाटतंय म्हणून थांबू नका. त्रास बऱ्याच तासांनी सुरू होतो, तोवर दवाखाना गाठलेला असला पाहिजे, आणि बाटली सोबत न्या.